कमानीचे पाटे

धर्माबाद हे नांदेड जिल्ह्यातील तेलंगणाच्या सीमेजवळचे गाव. लाल मिरचीच्या बाजारासाठी ते प्रसिद्ध आहे. वाळलेली मिरची वजनाला हलकी, पण जागा फार घेते. म्हणून ट्रकमध्ये पोती उंच रचतात. असा ट्रक वळणावर एका बाजूला झुकतो. त्या वेळी त्याला सावरण्याचा मोठा भार चाकांजवळच्या पोलादी पाट्यांवर येतो.

उर्दूत तुम्ही यांना कमानी म्हणता. फारसीत कमान म्हणजे धनुष्य, आणि या पाट्यांचा आकारही तसाच असतो. सर्वांत लांब असतो तो मुख्य पाटा. त्याच्याखाली एकापेक्षा एक आखूड पाटे असतात. मुख्य पाट्याची टोके वळवून गोल डोळे केलेले असतात. एक डोळा चासीला पिनने जोडतात, तर दुसरा हलणाऱ्या शॅकलला. असे का? भार पडला की वाकलेला पाटा सरळ होऊ लागतो, म्हणजेच लांबतो. त्याला सरकायला जागा हवी! काही गाड्यांत पाट्यांऐवजी पोलादी दांडा असतो. तो पीळ घेतो आणि पुन्हा सुटतो. जुन्या फोक्सवॅगन मोटारीत असेच दांडे होते.

खड्डे आणि जास्त माल यांमुळे पाटे थकतात. यू-बोल्ट सैल राहिले तर पाटा मधल्या छिद्रापाशी तुटतो. सपाट जागेवर उभा असलेला रिकामा ट्रक एका बाजूला कललेला दिसला, की मिस्त्री आधी पाटे तपासतो.

तुटलेला पाटा वेल्डिंग करून चालवावा, असे मालकाला वाटते. त्यात पैसे वाचतात. पण पोलाद तापवून, तेलात बुडवून आणि पुन्हा बेताने तापवून पाट्याला लवचिकपणा दिलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो जातो. मग पाटा पुन्हा तिथेच किंवा शेजारी तुटतो, आणि तो कुठे तुटेल हे कोणी सांगू शकत नाही. घाटात तुटला तर?

म्हणून पाटे बदलतात, तेही दोन्ही बाजूंचे. एकीकडे नवे आणि दुसरीकडे थकलेले पाटे असले तर ट्रक कललेलाच राहील. प्रथम मागच्या चाकांना अटकाव लावतात. मग जॅकने पुढचा भाग उचलून चासीखाली मजबूत आधार देतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर उस्ताद कधीही ट्रकखाली जात नाही. चाक काढून अ‍ॅक्सलला वेगळा आधार दिला, की यू-बोल्ट आणि पिना निघतात. पाट्यांची जुडी जड असते. ती उतरवायला दोघे लागतात. जुडी सोडवताना ती आधी शिकंज्यात घट्ट धरतात. नाहीतर मधला बोल्ट निघताच दाबलेले पाटे उसळून हाताला लागतात.

नवी जुडी बसवताना मधल्या बोल्टचे डोके अ‍ॅक्सलवरच्या खाचेत नेमके बसावे लागते. ते चुकले तर अ‍ॅक्सल तिरका होतो आणि गाडी एका बाजूला ओढते. यू-बोल्टही नवेच घालतात. काही दिवस माल वाहून ट्रक परत आला, की ते पुन्हा आवळतात, कारण तोवर पाटे एकमेकांवर नीट बसलेले असतात आणि बोल्ट थोडे सैल पडलेले असतात.