गिरणगांवांतील एक खोली

कोणतीहि वस्ती समजून घ्यावयाची असेल, तर दोन प्रश्न विचारावेत: येथें कोण राहतें, आणि राहण्याचें मोल कोण देतें? मुंबईच्या गिरणगांवाकडे, म्हणजे परळ, लालबाग, वरळी, नायगांव या भागांकडे, याच दृष्टीनें पाहूं.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापिली. पुढें गिरण्या वाढल्या, आणि कोंकणांतून व घांटावरून माणसें कामास आलीं. पुष्कळदां पुरुष एकटाच येई. एका गांवचे दहावीस जण मिळून एक खोली भाड्यानें घेत; तेथें ट्रंक ठेवीत, पाळीपाळीनें निजत आणि खानावळींत जेवीत.

१८९६ सालीं प्लेग आला. कोंदट घरें किती घातक असतात हें तेव्हां सरकारास कळलें, व १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच्याच परळ येथील चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं अनेक वर्षें काढलीं. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ इमारती बांधल्या. त्यांतील प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. घरांत सहा माणसें असल्यास एकेकाच्या वाट्यास सुमारें २७ चौरस फूट येतात. एक चटई पसरली, कीं थोडीच जागा उरते! म्हणून चाळींत व्हरांडा हाच दिवाणखाना, आणि शेजार हेंच अर्धें घर.

आतां मोलाचा विचार करूं. घरभाड्यांत दोन भाग असतात: एक मालकाचा लाभ, दुसरा दुरुस्तीचा खर्च. १९४७ च्या कायद्यानें जुन्या घरांचीं भाडीं १९४० च्या सुमारास होतीं तेथेंच रोखलीं. त्यामुळें गरिबाच्या डोक्यावरील छप्पर टिकलें. महागाई वाढली तरी त्यास कोणी सहज बाहेर काढूं शकला नाहीं. परंतु वर्षानुवर्षें भाडें तेंच आणि चुना, लाकूड, मजुरी मात्र महाग, असें झाल्यावर मालकानें दुरुस्ती सोडली. खोलीचें खरें मोल पागडीच्या रूपानें हातोहात फिरूं लागलें. अखेर पडक्या इमारतींसाठीं १९६९ सालीं दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. भाडेकरूस आधार देणारा कायदा चांगलाच. पण भिंतीस आधार कोण देणार, हें त्यांत ठरलें नव्हतें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यांत सुमारें अडीच लाख कामगार होते. पुष्कळांस काम पुन्हां मिळालेंच नाहीं. हळूहळू भोंगे थांबले; कित्येक गिरण्यांच्या जागीं कचेऱ्या, दुकानें व उंच मनोरे उभे राहिले. कोट्यवधि रुपयांचें घर व नाममात्र भाड्याची खोली यांमध्यें आतां एकाच रस्त्याचें अंतर आहे.

सरकारी चाळींच्या जागीं नव्या इमारती बांधून जुन्या रहिवाशांस ५०० चौरस फुटांचीं मालकीचीं घरें देण्याचें ठरलें. वरळी येथील पहिलीं ५५६ घरें ऑगस्ट २०२५ मध्यें देण्यांत आलीं. हें पाहून आनंद होतो. तथापि मालकाबरोबर मालकाचा भारहि आला: उद्वाहक, पाणी व देखभाल यांचा खर्च आज ना उद्यां रहिवाशांवर येतो. तो ज्यास झेपत नाहीं, तो घर विकून दूर जाईल. आणि ज्यांच्या श्रमांवर शहर वाढलें, तेच शहराबाहेर पडतील. म्हणून घर देणें हें अर्धें काम झालें. त्या घरांत राहवेल अशी कमाई व शेजार टिकविणें हें उरलेलें अर्धें.

विद्यार्थी मित्रहो, सुटींत एवढें करा. आपल्या आजोबाआजींस विचारा, कीं ते प्रथम कोणत्या खोलींत राहिले, ती किती हात लांब होती, भाडें किती होतें आणि अडचणींत धांवून येणारा शेजारी कोण होता. उत्तरें वहींत लिहून ठेवा. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर देतांना वडील मंडळी सर्वांत अधिक वेळ बोलतील.