बालकांचा न्यूमोनिया : जंतू ओळखावा कसा?

‘डॉक्टर, जंतू कोणता?’ असे पालक विचारतात, तेव्हा प्रामाणिक उत्तर बहुधा ‘सांगता येत नाही’ असेच असते. घरीदारी वावरणाऱ्या मुलास जो न्यूमोनिया होतो, त्याचा कारक जंतू त्या एका मुलापुरता सिद्ध करणे फार कठीण. लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळते. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू वाढण्याचे प्रमाण सहसा १० टक्क्यांहूनही कमी. घशातील स्राव तपासावा, तर न्यूमोकोकस हा ठणठणीत मुलांच्या नाकाघशातही सुखाने नांदत असतो. तेथे सापडला म्हणून त्यालाच आरोपी ठरविणे न्याय्य नव्हे.

अशा वेळी वय हाच वाटाड्या. नवजात अर्भकात क्लेब्सिएला, ई. कोलाय आणि ब-गटाचा स्ट्रेप्टोकोकस यांचा संशय प्रथम घ्यावा. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत जीवाणूंमध्ये न्यूमोकोकस अग्रणी, त्याखालोखाल हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी. शाळकरी वयात मायकोप्लाझ्मा डोके वर काढतो. त्याला पेशीभित्तिकाच नसल्याने तिच्यावर घाव घालणारे अमॉक्सिसिलिन येथे निष्प्रभ ठरते. स्टॅफिलोकोकस विरळा, पण क्रूर. गोवर किंवा फ्ल्यूनंतर, अंगावर गळवे असलेल्या मुलाची प्रकृती काही तासांत ढासळली, फुफ्फुसावरणात पू झाला, तर त्याचीच आठवण व्हावी.

मात्र प्रत्येक न्यूमोनिया जीवाणूंचाच असे मानून प्रतिजैविकांचा मारा करणे योग्य नव्हे. आफ्रिका व आशियातील सात देशांत (भारत त्यांत नव्हता) तीव्र न्यूमोनियाने दाखल झालेल्या पाच वर्षांखालील मुलांचा ‘पर्च’ हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचआयव्हीची बाधा नसलेल्या आणि क्ष-किरण चित्रात दोष आढळलेल्या मुलांत सुमारे ६१ टक्के कारणे विषाणूंची, तर २७ टक्के जीवाणूंची असल्याचा त्यातील अंदाज आहे. लसींनीही चित्र पालटले. हिमोफिलसविरोधी घटक असलेली पंचगुणी लस सरकारी कार्यक्रमात २०११ पासून केरळ व तामिळनाडूत सुरू झाली. न्यूमोकोकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने येऊन २०२१ मध्ये देशभर उपलब्ध झाली. पूर्वी ती खासगीत विकत घेणे किती कुटुंबांस परवडत होते, हे आपण जाणतोच.

जंतूचे नाव ठाऊक नसतानाही मूल वाचविता येते, हे गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी दाखवून दिले. प्रशिक्षित ग्रामस्थांनी श्वास मोजून को-ट्रायमोक्साझोल दिले आणि बालमृत्यू घटले. ‘लॅन्सेट’मध्ये हे १९९० साली प्रसिद्ध झाले. आज त्या औषधाची जागा तोंडाने देण्याच्या अमॉक्सिसिलिनने घेतली आहे, मोजणी मात्र तीच आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली ६०, एक वर्षाखाली ५० आणि पाच वर्षांखाली ४० किंवा त्याहून अधिक भरले, तर ते जलद समजावेत. तान्हे बाळ दोन महिन्यांखालील असेल, किंवा कोणत्याही वयाच्या मुलाने दूध-पाणी सोडले, ते गुंगीत गेले, ओठ निळसर दिसू लागले, तर घरगुती शेक-काढ्यात वेळ न दवडता त्यास थेट रुग्णालयात न्यावे.