जुने डब्लो इंजिन विकत घेताना

लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ साली ‘हॉर्नबी डब्लो’ या नावाने विजेवर धावणाऱ्या छोट्या आगगाड्या बाजारात आणल्या. खऱ्या इंजिनाच्या एका फुटास चार मिलिमीटर, हे त्यांचे प्रमाण. १९६४ साली ही कंपनी लाइन्स ब्रदर्स या प्रतिस्पर्धी उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली व डब्लोचे उत्पादन संपुष्टात आले. त्यामुळे मेकॅनोने बनवलेले डब्लो इंजिन घ्यावयाचे म्हणजे जुनेच घ्यावे लागते, आणि ‘उत्तम चालते’ हे शब्द विक्रेत्याच्या तोंडी ठरलेले असतात. परंतु चालणे ही दुय्यम परीक्षा होय. प्रथम धातू तपासावा.

या इंजिनांचा सांगाडा, आणि पुष्कळदा वरचे कवचही, जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते. ओतकामाच्या वेळी त्यात शिशाचा किंचितसा अंश जरी मिसळला गेला असला, तरी दमट हवेत धातूच्या स्फटिकांच्या सीमांवरून गंज आत शिरत जातो. भाग फुगतो, वाकतो, त्यावर केसासारख्या चिरा पडतात, आणि शेवटी बोटांच्या दाबानेही त्याचा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या इंजिनांत हा दोष विशेषेकरून आढळतो. त्यावर उपाय नाही. रंगाचा नवा हात दिल्याने तो केवळ झाकला जातो. म्हणून इंजिन उलटे करावे आणि सांगाड्याची कड सरळ आहे काय, चाकांच्या आऱ्यांजवळ चिरा आहेत काय, हे भिंगातून पाहावे. मूळ खोक्यासह इंजिन मिळाले तर किंमत बरीच चढते. पण खोके शाबूत आहे म्हणून आतील धातूही शाबूत असेल असे नव्हे.

चाके बोटाने फिरवून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. मोटारीची गती मळसूत्री दंतचक्राद्वारे चाकांकडे जाते. चाकांकडून मोटारीकडे ती जात नाही, आणि जोर केल्यास दातांनाच इजा होते.

त्यानंतर विजेची परीक्षा. १९५९ साली दोन रुळांची पद्धत येईपर्यंत सर्व डब्लो इंजिने मधल्या तिसऱ्या रुळावरून वीज घेत असत. तसे इंजिन दोन रुळांच्या मार्गावर ठेवले तर त्याच्या धातूच्या चाकांतूनच शॉर्ट सर्किट होते. तेव्हा मार्ग इंजिनाला साजेसा हवा. बारा व्होल्ट एकदम देऊ नयेत, दाब हळूहळू वाढवावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनातील तेल डिंकासारखे घट्ट झालेले असते. त्यामुळे ते प्रथम अडखळले तर लगेच बाद करण्याचे कारण नाही; साफसफाई करून नवे तेल घालणे हे फार मोठे काम नव्हे.

एकटे असताना इंजिन वेगाने पळते, पण चार डबे जोडताच हतबल होऊन तापू लागते, असे दिसल्यास चुंबक क्षीण झाला असल्याची शंका घ्यावी. अँमीटर जोडल्यास असे इंजिन नेहमीपेक्षा अधिक प्रवाह घेताना दिसेल. पूर्वीच्या कोणी मालकाने मोटारीचे आर्मेचर काढताना चुंबकाच्या ध्रुवांमध्ये लोखंडाचा तुकडा ठेवला नसेल, तर जुन्या चुंबकाची शक्ती अशी घटते. तो पुन्हा भारून घेता येतो; मात्र तेवढा खर्च मागितलेल्या किमतीतून वजा करण्याचा आग्रह खरेदीदाराने धरावा.