सोपाऱ्याचे दोन शिलालेख
(धम्मवर्गासाठी पाठ)



आमच्या वाडीतील विहारात दर रविवारी मुलांचा धम्मवर्ग भरतो. या वर्गातील मुले, काहींच्या आया आणि दोन वृद्ध उपासिका अशी आम्ही तेवीस माणसे यंदाच्या हिवाळ्यात मुंबईचे वस्तुसंग्रहालय पाहून आलो. कुडाळहून रात्रीच्या कोकणकन्येने निघालो आणि पहाटे बोरीबंदरला उतरलो. काय काय पाहिले याची जंत्री देण्यासाठी मी हे लिहीत नाही. तेथे पाहावे कसे, हे शिकायला मला स्वतःला पंधरा वर्षे लागली, ती इतरांना लागू नयेत एवढाच हेतू आहे.

मी बी.ए.ला असताना कॉलेजच्या सहलीबरोबर याच संग्रहालयात गेलो होतो. तलवारी पाहिल्या, पेंढा भरलेले प्राणी पाहिले, हस्तिदंताची कलाकुसर पाहून तोंडात बोट घातले आणि दोन तासांत बाहेर येऊन वडापाव खाल्ला. सम्राट अशोकाने कोरविलेल्या अक्षरांचे दगड याच संग्रहात आहेत, हे मला ठाऊकही नव्हते. ज्याच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्याला काय पाहायचे हे सांगणारे घरी कोणी नसते. ६ डिसेंबरला आपले लाखो लोक चैत्यभूमीवर जातात. त्यांतील बहुतेकांना, आपला एवढा मोठा पुरावा त्याच शहरात ठेवला आहे, याची खबर नसते.

प्रथम इमारतीविषयी थोडे सांगतो. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाणारी ही संस्था १९९८ पर्यंत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नावाने चालत होती. पायाचा दगड ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसला. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने आखलेली इमारत १९१४ साली पुरी झाली; परंतु महायुद्धामुळे तीत लष्करी रुग्णालय थाटले गेले आणि लोकांसाठी ती १० जानेवारी १९२२ रोजी खुली झाली. फाटकाजवळच, काळाघोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत आहे. परमपूज्य बाबासाहेब या कॉलेजात शिकत होते आणि १९१२ साली बी.ए. झाले. हे संग्रहालय आकाराला येत होते तो हाच काळ. मी मुलांना रस्त्यावर उभे करून दोन्ही इमारती दाखविल्या. वर्गात सन-सनावळ्या पाठ करताना जांभया देणारी मुले तेथे मात्र गप्प उभी राहिली.

आता मुख्य विषयाकडे वळू.

पाली वाङ्मयात सुप्पारक नावाचे बंदर येते. ते म्हणजे आजचे नालासोपारा. अशोकाने साम्राज्यात ठिकठिकाणी चौदा शिलालेखांचा संच कोरविला. तसा एक संच या बंदरात होता. त्यातील फक्त तुकडे उरले आहेत. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला, आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली सोपाऱ्याजवळच्या भुईगावला ना. आ. गोरे यांना मिळाला. १९५६ हे साल ऐकताच मुलांनी एकमेकांकडे पाहिले. ज्या वर्षी नागपूरला धम्मचक्र फिरले त्याच वर्षी कोकणात अशोकाचा लेख वर आला! परंतु मी त्यांना तेथेच बजावले की, हा योगायोग आहे. योगायोगाला चमत्कार म्हणू लागलो तर आपण पुन्हा जुन्याच वाटेला लागू.

भगवानलाल यांच्याविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. ते जुनागढचे. गिरनारचा अशोकलेख त्यांच्या गावच्या वेशीवर होता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली होती; तिची वर्णमाला मिळवून भगवानलाल ती लहान वयातच आपल्या आपण शिकले. इंग्रजी विद्येची मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती, तरी पुढे हॉलंडातील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. सोपाऱ्याच्या ज्या टेकाडाला गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणत, तो कोट नसून स्तूप आहे हे त्यांनीच १८८२ साली खणून सिद्ध केले. आत दगडी पेटी, तीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात काय निघाले? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. तथागतांचे भिक्षापात्र समजून कोणी तरी ते इतक्या जपणुकीने ठेवले असावे, असे त्यांनी अनुमान केले. हे करंडे आणि त्यांच्याभोवती मिळालेल्या आठ लहान ब्राँझच्या बुद्धमूर्ती एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत.

मुंबईला जाण्यापूर्वी तीन रविवार मी मुलांना ब्राह्मीची मोजकी अक्षरे शिकविली. 'क' म्हणजे गणितातील अधिकचे चिन्ह. 'ध' म्हणजे दोरी लावलेले धनुष्य. 'म' म्हणजे खाली वर्तुळ आणि वर दोन शिंगे. अनुस्वार म्हणजे एक टिंब. एवढ्यावर 'धंम' लिहिता येते. त्यामुळे दगडासमोर गेल्यावर मुले पाटी न वाचता दगडच वाचू लागली. सहावीतल्या एका मुलीला धनुष्य सापडले तेव्हा ती इतक्या मोठ्याने ओरडली की, तेथील शिपाई धावत आला.

तुटक्या दगडावरून पूर्ण लेख कसा समजतो, हे मुलांनी विचारले. उत्तर सोपे आहे. हाच मजकूर गिरनार, कालसी, शाहबाजगढी येथेही कोरलेला आहे. एका वहीचे पान फाटले तर दुसऱ्या मुलाच्या वहीवरून ते भरून काढतात, तसेच हे.

आठव्या लेखाचा आशय असा. पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, म्हणजे शिकार आणि मौजमजा करीत. येथे 'विहार' शब्दाने गोंधळू नये. त्याचा अर्थ येथे करमणूक. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांची भेट आणि त्यांना द्रव्यसाह्य, गावोगावच्या लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि धम्मासंबंधी प्रश्नोत्तरे. राजाने खेड्यातल्या माणसाला भेटण्यासाठी घराबाहेर पडावे, ही त्या काळी नवी गोष्ट होती. माझ्या पहिल्या सहलीची आठवण मला या दगडापुढे झाली. ती विहारयात्राच होती!

एक गोष्ट लपवू नये. या लेखात श्रमणांबरोबर ब्राह्मणांचेही नाव आहे. वर्गातील एका मुलाने नेमके यावर बोट ठेवले: "गुरुजी, मग अशोक आपला कसा?" मी त्याला म्हटले, लेखात जे आहे ते आहे. आपल्याला नको तो शब्द गाळून वाचायचा असेल तर दगडापर्यंत जायचेच कशाला? तो सर्व पंथांच्या प्रजेचा राजा होता आणि दान सर्वांना देत होता. तो बौद्ध उपासक होता हेही त्याच्याच दुसऱ्या लेखांवरून सिद्ध आहे. दोन्ही खरे.

नववा लेख मंगलविधींविषयी आहे, आणि येथे मला माझ्या घरातील गोष्ट सांगावी लागेल. निघण्याच्या आदल्या रात्री माझ्या आईने परसात कोपऱ्याला एक नारळ ठेवला. मी विचारले तर म्हणाली, "पोरांका घेवन जातस, म्हणान देवचाराक नारळ ठेवलंय. तुझो बुद्ध काय रागावचो नाय." आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली, घरातले देव समुद्रात सोडले, त्याला आता साठ वर्षांवर काळ लोटला, पण राखणदार काही परसातून गेला नाही. मी त्या रात्री रागावलो. तो राग कितपत योग्य होता ते या लेखावरूनच पाहावे.

अशोक म्हणतो की आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर आणि प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात. त्यांत स्त्रिया पुष्कळ क्षुद्र आणि निरर्थक विधी करतात. विधी करावेत, परंतु असल्या विधींचे फळ अल्प असते. मोठे फळ देणारे मंगल एकच, ते धम्ममंगल. ते कोणते? दास आणि चाकर यांच्याशी योग्य वागणूक, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.

प्रवासाच्या मंगलाचे फळ अल्प असते असे सांगणारा लेख अशोकाने बंदरावर कोरविला होता, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाच्या चटकन ध्यानात येईल. होडी पाण्यात लोटण्यापूर्वी गाऱ्हाणे घालणारे आणि नारळ देणारे लोक आपण रोज पाहतो. सोपाऱ्याचे खलाशीही असे काही करीत असणार, असा माझा तर्क आहे.

मात्र स्त्रियांविषयी अशोकाने जे म्हटले आहे त्याच्याशी मी सहमत नाही. आमच्या भागात कौल लावणारे, अंगात आणणारे, गाडी घेतल्यावर चाकाखाली लिंबू ठेवणारे बहुतेक पुरुषच आहेत, आणि त्यांत आपले पदवीधरही आहेत. आईचा नारळ मला दिसला. लिंबू ठेवणाऱ्या मित्राला मात्र मी आजवर एका शब्दाने हटकलेले नाही.

धम्ममंगलाच्या यादीकडे पुन्हा पाहा. सुरुवात कोणापासून होते? देवापासून नाही, राजापासून नाही, पुरोहितापासूनही नाही. दास आणि चाकर यांच्यापासून होते. ज्यांच्या आजा-पणज्यांनी वेठ केली त्यांनी हे वाक्य आपल्या डोळ्यांनी पाहावे म्हणून मी या मुलांना इतक्या लांब नेले. तरीही अशोक दास्य मोडा असे म्हणत नाही, दासांशी नीट वागा एवढेच म्हणतो. ते मोडण्याची भाषा पुष्कळ शतकांनंतर बाबासाहेबांनी केली. हा फरक शिकविणाऱ्याने नेमका सांगावा.

तेथून आम्ही मीरपूरखासच्या मूर्तींकडे गेलो. मीरपूरखास सिंधमध्ये आहे, आज पाकिस्तानात. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता, म्हणून हेन्री कझिन्स यांनी तेथील स्तूपातून काढलेल्या वस्तू मुंबईला आल्या. ध्यानस्थ तथागतांच्या या मूर्ती भाजलेल्या मातीच्या आहेत, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातील. त्यांच्याबरोबर हातात कमळ घेतलेला एक उभा गृहस्थ आहे. तो कोण, त्याचे नाव काय, कोणालाच ठाऊक नाही. मला तो त्या मूर्तींइतकाच जवळचा वाटला.

आमच्यातील वृद्ध उपासिकेने येथे चपला काढल्या आणि पंचांग प्रणाम केला. काही मुले हसली. संग्रहालयात वंदन करावे की नाही, यावर गाडीत परतताना खूप वाद झाला. माझे मत असे की, वंदन ज्याने त्याने करावे, पण वंदन झाले म्हणजे पाहणे झाले असे समजू नये. अस्थींची गोष्ट थोडी निराळी आहे. सांचीजवळ १८५१ साली सापडलेले सारिपुत्त व मोग्गल्लान यांचे अवशेष लंडनला नेण्यात आले होते. ते परत आले आणि १९५२ साली सांचीच्या विहारात ठेवले गेले. पिप्रहवा येथे १८९८ साली पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराने स्तूप खणला. त्यातील काही रत्ने त्याच्या वंशजांकडे राहिली आणि २०२५ साली हाँगकाँगमध्ये त्यांचा चक्क लिलाव पुकारला गेला. भारत सरकारने हरकत घेतल्यावर तो थांबला आणि त्याच वर्षी जुलैत ती रत्ने भारतात आली. धातूंबरोबर श्रद्धेने पुरलेल्या वस्तूला बोली लावणे आणि ती सर्वांना पाहता यावी म्हणून संग्रहालयात ठेवणे, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

त्याच उपासिकेने अशोकाच्या दगडापाशी मला विचारले होते, "गुरुजीनू, ह्यो दगड कोकणातलो, मगे हयसर कित्याक हाडल्यानी?" मी सांगितले की, गावात तो तुटून पडला होता आणि त्यावर काय लिहिले आहे ते वाचणारा एकही माणूस तेथे उरला नव्हता. तिला हे उत्तर पटले नाही. "मगे आता वाचूक येता मा ह्या पोरांका?" असे ती म्हणाली. यावर मला बोलता आले नाही.

आमच्याच मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर जांभ्या दगडात कोरलेली माणसे, जनावरे आणि अर्थ न लागलेल्या आकृती आहेत. कोकणातील ज्या कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्यांत कुडोपीचे नाव आहे. तेथे काच नाही, पाटी नाही, शिपाई नाही. वर्गाची पुढची यात्रा तिकडे जाईल. सडा तापण्यापूर्वी, सकाळी लवकर निघायचे आहे. मुलांनी वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि प्यायचे पाणी बरोबर आणावे. आकृतीवर पाय देऊ नये आणि खडूने रेघा ओढू नयेत. माझ्या आईनेही येण्याचे कबूल केले आहे. नारळाचे मी अद्याप विचारलेले नाही.