धुक्यातला सामना

कॅनडा हा अमेरिका खंडाच्या उत्तरेकडील मोठा देश. तिथे थंडी फार. तिथले लोक फूटबॉल नावाचा एक खेळ आवडीने खेळतात. आपली मुले खेळतात तो फूटबॉल हा नव्हे. ह्यात चेंडू हातात धरून पळतात. चेंडूही गोल नसतो, दोन्ही टोकांना निमुळता असतो.

प्रत्येक बाजूला १२ गडी असतात. मैदान ११० वार लांब. १० वार पुढे सरकायला तीन वेळा संधी मिळते. तेवढ्यात जमले नाही, तर चेंडू दुसऱ्या बाजूकडे जातो. चेंडू घेऊन समोरच्यांची हद्द ओलांडली की ६ गुण. मग चेंडू लाथेने दोन खांबांमधून पार केला की आणखी १ गुण. हा एक गुण ध्यानात ठेवा.

शेवटचा सामना जिंकणाऱ्या संघाला ग्रे चषक मिळतो. हा चषक गव्हर्नर जनरल लॉर्ड ग्रे यांनी दिला. तो प्रथम १९०९ साली दिला गेला.

आम्ही सांगतो ती गोष्ट १९६२ सालची. १ डिसेंबरला टोरांटो शहरात विनिपेग आणि हॅमिल्टन या संघांची गाठ पडली. मैदान सरोवराच्या काठी होते. बत्तीस हजारांवर लोक जमले होते. खेळ चालू असताना सरोवरावरून धुके आले. ते दाट होत गेले. उंच उडालेला चेंडू गड्यांना दिसेना. वर बसलेल्या लोकांना तर मैदानच दिसेना!

विनिपेगचे २८ गुण होते, हॅमिल्टनचे २७. खेळ संपायला ९ मिनिटे २९ सेकंद उरली होती. आता काय करावे? विनिपेग जिंकले म्हणावे, तर हॅमिल्टनचा वेळ बुडतो. खेळ चालू ठेवावा, तर दोघांवर अन्याय. प्रमुख अधिकारी सिडनी हॉल्टर यांनी खेळ थांबवला. उरलेली मिनिटे दुसऱ्या दिवशी खेळवली. गुण तेच, वेळ तितकीच.

दुसऱ्या दिवशी कोणालाच गुण मिळाला नाही. विनिपेग एका गुणाने जिंकले.

आता पाटी घ्या आणि हिशेब मांडा. दोन्ही संघांनी चार-चार वेळा हद्द ओलांडली. म्हणजे प्रत्येकी २४ गुण झाले. विनिपेगच्या चारही लाथा साधल्या. झाले २८. हॅमिल्टनच्या दोनच साधल्या, दोन हुकल्या. झाले २६. दुसऱ्या एका नियमाने त्यांना १ गुण मिळाला. झाले २७.

मंडळी, धुके दोघांनाही सारखेच होते. निवाडाही सरळ झाला. उणे पडले ते लहानशा कामात. मोठी कामे चारदा साधली, पण सोपी लाथ दोनदा हुकली. आपल्या घरच्या हिशेबातही असेच होते. मोठा खर्च आपण जपून करतो, आणि पैसा दोन पैसे मोजायचे राहून जातात.

प्रश्न
१. सामना मध्येच का थांबवला?
२. हॅमिल्टनच्या हुकलेल्या दोन्ही लाथा साधल्या असत्या, तर कोण जिंकले असते? किती गुणांनी?
३. तुम्ही निवाडा करणारे असता, तर काय केले असते? चार ओळी लिहा.