जंगलाचा जमाखर्च

दुकानदार रोज चोपडी लिहितो. किती आले, किती गेले, ते त्याला चोपडीवरून कळते. जंगलाची अशी चोपडी कोणी लिहिली आहे का? होय, लिहिली आहे.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर नावाचे राज्य आहे. तेथील डोंगरात हबर्ड ब्रुक नावाचे जंगल आहे. १९६३ साली बोरमन, लायकेन्स आणि त्यांचे सोबती हे शास्त्रज्ञ तेथे कामाला लागले.

झाड उन्हाच्या बळावर आपले अन्न तयार करते. ऊन रोज नवे मिळते. पण झाडाला नत्र, पालाश, चुना हीही द्रव्ये लागतात. मुळे ती मातीतून घेतात. पान गळते, कुजते, आणि ती द्रव्ये पुन्हा मातीत येतात. म्हणजे तेच भांडवल फिरत राहते. त्यातले बाहेर किती जाते, हे शास्त्रज्ञांना पाहायचे होते.

तुम्ही म्हणाल, एवढं मोठं जंगल मोजायचं कसं? ऐका. तेथे मातीखाली घट्ट खडक आहे. पाणी खोल मुरून जात नाही. प्रत्येक लहान खोऱ्यातले पाणी एकाच ओढ्याने बाहेर पडते. पायथ्याशी ओढ्यावर पक्का बांध आहे. बांधाला खाच आहे. खाचेत पाणी किती उंच चढले, यावरून किती पाणी गेले ते कळते. पावसाचे पाणी मोजून तपासले, ती झाली जमा. ओढ्याचे पाणी मोजून तपासले, तो झाला खर्च.

मग १९६५ च्या अखेरीस त्यांनी एका खोऱ्यातली सगळी झाडे तोडली. ते खोरे सुमारे ३९ एकरांचे होते. लाकूड तेथेच पडू दिले. नवे काही उगवू नये म्हणून तीन उन्हाळे औषध फवारले. शेजारचे एक खोरे मात्र जसेच्या तसे ठेवले.

काय झाले? पहिल्या वर्षी ओढ्याला जिथे १०० घागरी पाणी जायचे, तिथे सुमारे १४० घागरी गेले. पाण्यातले नायट्रेट, म्हणजे विरघळलेले नत्र, सुमारे ४० पट वाढले. दुसऱ्या वर्षी ते ५० पटींच्याही वर गेले. पिण्याच्या पाण्यात चालते, त्याहून ते जास्त झाले. चुना आणि पालाशही वाहून गेले.

असे का व्हावे? पाला कुजतच होता. नत्र सुटतच होते. पण ते उचलायला जिवंत मुळेच नव्हती! मग ते पाण्याबरोबर गेले. विरघळलेले नत्र डोळ्यांना दिसत नाही. चोपडी लिहिली, म्हणून ही गळती कळली.

फवारणी थांबली. झाडोरा पुन्हा वाढू लागला. तशी गळतीही कमी होत गेली.

मातीचा कस नुसत्या मातीत राहत नाही. जिवंत मूळ हे त्याचे राखणदार आहे.

सांगा पाहू :
१. या चोपडीत जमा कोणती? खर्च कोणता?
२. एक खोरे न तोडता का ठेवले असेल?
३. तुमच्या शेतात किती महिने जिवंत मूळ असते?