कोंबड्यांची घरघर

प्रश्न : परसात वीसेक गावरान कोंबड्या आहेत. बाजारातून दोन तलंगा आणल्यावर आठवड्याभरात अनेकींना शिंका, नाकातून पाणी आणि रात्री घशात घरघर सुरू झाली. काय करावे?

उत्तर : आजार बहुधा त्या तलंगांबरोबरच आला. शिंकणाऱ्या कोंबड्या आजच वेगळ्या करा. दाणापाणी आधी निरोग्यांना, शेवटी आजाऱ्यांना, भांडी वेगळी. खुराड्यातली ओली विष्ठा काढा, वारा खेळू द्या. अमोनियाच्या उग्र वासाने श्वासाचा त्रास वाढतो.

घरघर रेंगाळणारी असेल तर मायकोप्लाझ्माचा संशय घ्यावा. चेहरा सुजून नाकातून घाण वासाचा स्राव येत असेल तर कोरायझाचा. प्रतिजैविकाने लक्षणे उतरतात, पण बरी दिसणारी कोंबडी पुढेही जंतू बाळगते. मायकोप्लाझ्मा तर अंड्यातून पिलांतही जातो. म्हणून तिची अंडी उबवायला ठेवू नका. दुकानदाराने दिलेली पुडी पाण्यात टाकण्याआधी पशुवैद्यकांना विचारा. औषध चालू असताना आणि त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी खाऊ नयेत.

हिरवी हगवण, मान वाकडी होणे दिसले तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. हा विषाणूजन्य आजार आहे, त्यावर औषध नाही. लासोटा लस निरोगी पिलांना पाच ते सात दिवसांची असताना द्यायची असते.

पटापट मरू लागल्या तर मात्र मेलेल्यांना हात न लावता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लूची शक्यता तपासावी लागते. 2006 मध्ये नवापूरला तो आला होता.

यापुढे नवी कोंबडी महिनाभर वेगळी ठेवूनच कळपात सोडा.